३०० ओहमचे हेडफोन, ट्यूबचा अ‍ॅम्प आणि माझे चार महिने

ऑफिसात डबा खाताना मी सहज बोलून गेलो की या शनिवारी हेडफोन आणि ट्यूब अ‍ॅम्पची जोडी (अ‍ॅम्प म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, आवाज मोठा करणारा डबा) जमवायला बसणार आहे, तर समोरचा म्हणाला "त्यात काय, ब्लूटूथ ऑन कर, पेअर म्हण, दोन मिनिटांचं काम". त्याचं काही चुकलं नाही म्हणा, हल्ली हेडफोन जोडणं म्हणजे तेवढंच उरलंय. पण मी ज्या जोडीबद्दल बोलतोय तिच्यापायी माझे चार महिने गेले, अकरा हजाराच्या आसपास पैसे गेले, बायकोचा पेशन्स गेला तो वेगळाच, आणि शेवटी जे कळलं ते आमच्या डोंबिवलीतल्या एका रिटायर्ड रेडिओवाल्या काकांनी पंधरा मिनिटांत साध्या मल्टिमीटरवर दाखवलं. म्हणून म्हटलं लिहून टाकू, अजून कोणी याच वाटेला लागला असेल तर त्याच्या निदान मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराच्या फेऱ्या तरी वाचतील.

तर झालं असं की मध्यंतरी मला ट्यूब अ‍ॅम्पचं खूळ लागलं. ट्यूब म्हणजे आपल्याकडची जुनी माणसं ज्याला व्हॉल्व्ह म्हणतात तेच, काचेची नळी, आत तापलेली तार, तिच्यातून इलेक्ट्रॉन निघतात आणि मधली जाळी त्यांना किती सोडायचं किती अडवायचं ते ठरवते. फ्लेमिंगने १९०४ ला पहिली केली तेव्हा त्यात जाळी नव्हती, ती १९०६ मध्ये ली डी फॉरेस्टने घातली, आणि त्या जाळीमुळेच पुढे बारीक सिग्नल मोठा करता यायला लागला. पुढे ट्रान्झिस्टर आले आणि ही मंडळी घराघरातून गेली, पण गाणं ऐकणाऱ्यांच्या काही खोल्यांत टिकून राहिली. मी जो घेतला तो ठाण्यातल्या एका माणसाकडून, सेकंड हँड. आता गंमत बघा, मर्फी रेडिओची फॅक्टरी ठाण्यातच होती, म्हणजे ज्या गावात एके काळी व्हॉल्व्हचे सेट बनून देशभर जायचे तिथून मी २०२४ मध्ये एक चिनी व्हॉल्व्हचा डबा पिशवीत घालून स्लो लोकलने घरी आणत होतो, मांडीवर, बाळासारखा.

डब्यावर दोन ट्यूबा. एक छोटी, बोटाएवढी, १२एयू७. दुसरी मोठी, जाडजूड, ६०८०. स्विच दिला की अर्ध्या मिनिटात दोन्ही नारिंगी व्हायला लागतात आणि खोलीतली लाइट घालवली की जे दिसतं ना, त्यासाठीच निम्मे लोक हे विकत घेतात, मी पण घेतला, खोटं कशाला बोलू. या प्रकाराला ओटीएल म्हणतात, म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेला. ट्यूबमधून सिग्नल निघतो, एका मोठ्या कंडेन्सरमधून (वीज साठवणारा भाग) जातो आणि थेट हेडफोनमध्ये. मध्ये लोखंड-तांब्याचा जड ट्रान्सफॉर्मर नाही त्यामुळे स्वस्त पडतो. (अमेरिकेतल्या बॉटलहेडचं क्रॅक नावाचं किट याच दोन ट्यूबांवर चालतं आणि ते घरी बसून सोल्डर करायचं असतं, माझा डबा साधारण त्याच घराण्यातला.)

पहिल्या रात्री मी त्याला माझे ऑफिसचे हेडफोन लावले. ३२ ओहमचे (ओहम म्हणजे वीज किती अडते त्याचं माप), बंद कपांचे, कॉल घ्यायला आणि शेजारच्या टीमचा गोंधळ टाळायला घेतलेले. भीमसेनजींची एक जुनी मैफल लावली, डोळे मिटले, आता काहीतरी होणार म्हणून वाट बघत बसलो.

आणि झालं काय तर डग्गा सुजला. म्हणजे दुसरा शब्दच नाही. तबल्याची चाट कुठेतरी मागे, गोधडीच्या आतून आल्यासारखी, आणि डग्ग्याचा प्रत्येक घुमारा सगळ्या खोलीभर पसरून पुढच्या मात्रेवर जाऊन बसतोय. तंबोरा तर नाहीच, त्याच्या जागी एक बारीक हमिंग, सतत, फ्रिजच्या मागे कान लावल्यासारखं. बायकोने एक बाजू कानाला लावून बघितली आणि म्हणाली, "अरे हे शेजारच्या बिल्डिंगमध्ये हळद चालू असल्यासारखं वाटतंय." मी चिडलो, पण खरं तसंच वाटत होतं.

आता इथे शहाण्या माणसाने थांबून विचार केला असता. मी नेटवर वाचायला बसलो. आणि नेटवर ट्यूब अ‍ॅम्पचा आवाज आवडला नाही म्हटलं की उत्तर एकच असतं, ट्यूब बदल. याला ट्यूब रोलिंग म्हणतात आणि याचं व्यसन पान-तंबाखूपेक्षा वाईट आहे कारण तंबाखूची पुडी निदान सगळीकडे एकाच नावाने मिळते. मी पहिल्यांदा एक १२एयू७ मागवली, दुसऱ्या कंपनीची. फरक पडला असं दोन दिवस वाटलं, तिसऱ्या दिवशी वाटेनासं झालं. मग म्हटलं युरोपातली घेऊ, म्हणून ईसीसी८२ मागवली. मग एकाने लिहिलेलं की मिलिटरी स्टॉकला तोड नाही, म्हणून सीव्ही४००३ मागवली, ती सगळ्यात महाग. तिन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा लक्षात आलं की एकसारख्याच दिसतायत, आणि शोधल्यावर कळलं की ईसीसी८२ हे १२एयू७ चंच युरोपातलं नाव आणि सीव्ही४००३ हा इंग्रजांचा मिलिटरी नंबर, त्याच ट्यूबचा. म्हणजे बटाटा, आलू आणि पोटॅटो असं तिन्ही घेऊन आलो होतो मी. बनावटीत फरक असतो हे मान्य, एकीने हमिंग खरंच थोडं कमी झालं आणि मिलिटरीवाली नखाने टिचकी मारली की कानात टण्ण वाजायची, पण डग्गा सुजलेला तो सुजलेलाच. ठाण्याच्या माणसाला मी एक तिखट मेसेज पण टाकला की तुम्ही बिघडलेला डबा विकलात. त्याने लिहिलं, "कुठले हेडफोन लावलेत?" मला वाटलं विषय बदलतोय. मी उत्तरच दिलं नाही.

मग बाबांनी काकांचं नाव काढलं. बाबांच्या ओळखीतले, पूर्वी व्हॉल्व्हचे सेट दुरुस्त करायचे, मग टीव्ही, मग टेप, आता काही नाही, गॅलरीत टेबल टाकून बसतात आणि सोसायटीतल्या लोकांचे मिक्सर फुकट बघून देतात. मी डबा घेऊन गेलो. त्यांनी बॉक्स उघडल्यावर आधी ट्यूबांकडे बघितलं आणि अगदी जुना वर्गमित्र भेटल्यासारखे हसले, म्हणाले "६०८० होय, अरे ही काय गाण्याची ट्यूब नाही, ही पॉवर सप्लायची". आणि ते खरंय, ही ट्यूब आणि तिची मोठी बहीण ६एएस७ मुळात व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटर सप्लायसाठी केलेल्या, त्यांच्यातून ट्यूबच्या मानाने बराच करंट जातो आणि आतला रेझिस्टन्स कमी म्हणून नंतर लोकांनी त्या हेडफोनच्या कामाला जुंपल्या. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या व्हॉल्व्हवर पण मग वीस मिनिटं झाली, ती मी इथे गाळतो.

मी आपला स्क्रूड्रायव्हर घेऊन खालची प्लेट उघडायला निघालो तर त्यांनी हातच धरला. "प्लग काढला म्हणजे वीज गेली असं नसतं बाळा. आत दीडशेच्या वर डीसी आहे, कंडेन्सर भरलेला असतो, तो तुझी वाट बघत बसतो." मग त्यांनी एका रेझिस्टन्सला (वीज अडवणारा छोटा भाग) दोन वायरी लावलेल्या होत्या त्याने आधी कंडेन्सर रिकामे केले, मीटर लावून शून्य आलेलं बघितलं, आणि मला सांगितलं की व्हॉल्व्हच्या सेटमध्ये हात घालायचा तर डावा हात खिशात घालायचा, कायम, म्हणजे चुकून झटका बसलाच तर तो एका हातातून दुसऱ्या हातात छातीतून जाणार नाही. सत्तरीच्या पुढचा माणूस एक हात खिशात घालून दुसऱ्या हाताने चेसिसमध्ये मीटरची पिन फिरवतोय हे दृश्य मी विसरणार नाही. आत सगळं ठीक होतं. एकही भाग बिघडलेला नव्हता.

"मग?" मी.

"मग काय, मोजू."

मोजलं कसं ते नीट सांगतो कारण हे कोणीही करू शकतं आणि यासाठी डबा उघडावा पण लागत नाही. फोनवर टोन वाजवणारं एक फुकट अ‍ॅप घेतलं, ४०० हर्ट्झचा टोन लावला (मी हजार लावत होतो, ते म्हणाले साधा मल्टिमीटर हजारावर थापा मारायला लागतो). फोनमधून अ‍ॅम्पमध्ये, आणि अ‍ॅम्पच्या हेडफोनच्या भोकात एक रिकामा जॅक, ज्याच्या दोन वायरी बाहेर. मीटर एसी व्होल्टवर. आवाजाचा नॉब फिरवून बरोबर १ व्होल्ट केला. मग त्याच दोन वायरींच्या मध्ये १०० ओहमचा एक रेझिस्टन्स चिकटवला. मीटर धाडकन खाली आला, ०.४६ व्होल्ट. काकांनी वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलने लिहिलं, १०० गुणिले, एक भागिले ०.४६ वजा एक. उत्तर ११७. म्हणजे अ‍ॅम्पच्या आतच १२० ओहमच्या आसपास एक रेझिस्टन्स बसलेला आहे असं समजायचं, दिसत नाही पण आहे, आणि हेडफोनला जे काही मिळणार ते त्याच्या मागून, त्याच्याशी वाटून घेऊन.

माझी ट्यूब तशी उशिराच पेटते पण इथे पेटली. ३२ ओहमचे हेडफोन लावले की सगळ्या व्होल्टेजचे साधारण पाच भाग होतात, त्यातला एक हेडफोनला आणि चार अ‍ॅम्पच्या पोटातच जळतात. हे झालं नुसतं नुकसान, आवाज वाढवून भरून काढता येईल असं वाटतं. पण खरी मेख पुढे आहे. हेडफोनवर ३२ लिहिलेलं असतं म्हणून तो सगळ्या सुरांना ३२ नसतो. साध्या डायनॅमिक हेडफोनमध्ये पडदा जिथे स्वतःहून डोलतो, बेसच्या भागात, तिथे त्याचे ओहम वर चढतात, एक टेकडी येते ग्राफवर. समजा तिथे ६४ झाले. तर तिथे हेडफोनला वाटा मिळतो १८४ पैकी ६४, आणि बाकीकडे १५२ पैकी ३२. हिशोब केला तर त्या टेकडीवर बाकीच्यापेक्षा ४ डीबीच्या (डेसिबल, आवाजाचं माप) वर जास्त आवाज. चार डीबी म्हणजे तुम्ही स्वतः इक्वलायझरवर बेसचा नॉब धरून मुद्दाम वर ढकललाय असं. आणि डग्ग्याचा घुमारा नेमका त्याच गल्लीत राहतो. वर अ‍ॅम्पचे ओहम एवढे जास्त की डोलणाऱ्या पडद्याला ब्रेक लावणारं कोणी नाही, म्हणून एका मात्रेचा घुमारा पुढच्या मात्रेत. बिघाड नव्हताच, नुसता भागाकार होता तो.

काका म्हणाले, "आमच्याकडे लोक सेट घेऊन यायचे, आवाज फाटतो म्हणून, आणि मी बघायचो तर स्पीकर चौथ्या कुठल्या तरी सेटमधला काढून लावलेला. स्पीकर आणि ट्रान्सफॉर्मर एकमेकांचे नसले की सेट कितीही चांगला असू दे." हे त्यांनी अगदी सहज म्हटलं, चहा ओतता ओतता. मी ठाण्याच्या माणसाला त्याच संध्याकाळी सॉरीचा मेसेज टाकला. त्याने नुसता अंगठा पाठवला. बरोबरच आहे.

आता पुढचा भाग. न्यू जर्सीला माझा मावसभाऊ असतो, तो दिवाळीला येणार होता, त्याला एचडी ६एक्सएक्स आणायला सांगितले. हे म्हणजे सेनहायझरचा २००३ चा एचडी ६५० च, ड्रॉप नावाच्या अमेरिकन दुकानासाठी वेगळ्या रंगात केलेला. ३०० ओहम. या घराण्याचा एचडी ६०० हा १९९७ चा, म्हणजे आपल्यातले काही जण जन्मायच्या आधीपासून हे हेडफोन तसेच बनतायत, सुट्टे भाग मिळतात, कानाच्या गाद्या मिळतात, वायर तुटली तर दुसरी मिळते. आणि त्या काळात १२० ओहम ही काही भानगड नव्हती, १९९६ चं आयईसी ६१९३८ नावाचं जे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड होतं त्यात हेडफोन ज्याला लावायचा त्या यंत्राला १२० ओहमच धरलेले होते. आत्ता फोन आणि लॅपटॉपच्या जमान्यात सगळं उलटं झालं, बॅटरी छोटी, व्होल्टेज कमी, म्हणून हेडफोन १६ आणि ३२ ओहमचे आले आणि अ‍ॅम्पचे ओहम जवळपास शून्यावर आणावे लागले.

३०० ओहमला तोच हिशोब लावा. बेसच्या टेकडीवर याचे ओहम पाचशेच्या आसपास जातात. मग वाटा होतो ६२० पैकी ५०० आणि बाकीकडे ४२० पैकी ३००. फरक एक डीबी. फक्त एक. चारावरून एकावर. आणि हा एक डीबी जिथे पडतो ना, डग्ग्याच्या पोटात आणि पुरुष गायकाच्या खर्जात, तिथे तो सूज वाटत नाही, अंग भरल्यासारखं वाटतं. पहिल्यांदा लावले त्या रात्री मी साडेदहाला बसलो तो पावणेदोनला उठलो. तंबोऱ्याच्या चारही तारा वेगळ्या. गायक श्वास घ्यायला तोंड फिरवतो ते ऐकू येतं. हमिंग पण जवळपास ऐकू येईनासं झालं, कारण ३०० ओहमच्या हेडफोनला जोर लागतो, बारीकसारीक कुरकुरीने तो हलत नाही, ३२ वाले आणि कानात घालायचे ते इयरफोन मात्र प्रत्येक खुसफूस ऐकवतात.

नेटवर एक आठवा भाग नावाचा नियम फिरत असतो, अ‍ॅम्पचे ओहम हेडफोनच्या एक अष्टमांशापेक्षा कमी हवेत म्हणे. त्या हिशोबाने ३०० ला ३७ च्या आत पाहिजेत आणि माझे १२० नापास. कागदावर नापासच आहेत, मी वाद घालत नाही. पण नियम पाळून जो आवाज येतो तो मला जरा उपाशी वाटतो आणि मोडून येतो तो जेवलेला, आणि गाणं मला ऐकायचंय, परीक्षकाला नाही.

पण थांबा. काकांनी एक खोडी काढली आणि त्याने माझी अर्धी हवा गेली.

मी त्यांना हे सगळं कौतुकाने सांगत होतो, ट्यूबचा गोडवा, ट्यूबची ऊब वगैरे. ते म्हणाले तुझ्याकडे ट्रान्झिस्टरवाला साधा अ‍ॅम्प आहे ना, तो आण. मग त्यांनी १२० ओहमचे दोन रेझिस्टन्स घेतले, डाव्याला एक उजव्याला एक, एका छोट्या एक्स्टेन्शन वायरीत सोल्डर केले, वर काळी टेप. खर्च वीस रुपये, जॅक धरला तर सत्तर. ही वायर त्या साध्या अ‍ॅम्पला आणि पुढे तेच ३०० ओहमचे हेडफोन. त्या दोन रेझिस्टन्समुळे आवाज तीन डीबीच्या आसपास पडतो, तेवढा मीटर बघून नॉबने भरून काढला, कारण मोठा असेल तो आपल्याला नेहमी जास्त चांगला वाटतो, ही फसवणूक दुकानात सगळ्यांची होते. आणि मग मला पाठमोरं बसवलं, आणि वायरी बदलत राहिले.

दहापैकी सहा वेळा ट्यूबवाला कुठला आणि साधा कुठला ते मी बरोबर ओळखलं. सहा. नाणं उडवून पाच आले असते.

म्हणजे मी ज्याला ट्यूबचा आवाज म्हणत होतो, ज्याच्यासाठी मिलिटरी स्टॉक मागवला, त्याच्यातला बराचसा भाग हा दोन रेझिस्टन्सचा आवाज होता. सगळा नाही म्हणणार मी. उरलेला भाग आहे आणि तो खरंच ट्यूबचा आहे, फक्त तो बारीक आहे. अशा साध्या ट्यूब सर्किटमधून मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट कंपनाचा सूर पण थोडा बाहेर पडतो. आपल्या पुस्तकांत मध्य षड्ज २४० धरतात, तर दुप्पट म्हणजे ४८०, तार षड्ज. म्हणजे अ‍ॅम्प चुकला तरी सुरातच चुकतो. तिप्पट सूर निघाला तर तो ७२०, तार सप्तकातला पंचम, तो पण तसा नात्यातला. यापुढचे वरवरचे सूर यायला लागले की कर्कश होतं. मला हे ऐकल्यावर मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी आठवली, घोडीवर तारेखाली एक दोरा सरकवून तारेला जरासं खरखरवायचं म्हणजे ती एकटी तार भरलेली वाटते. स्वच्छ तार कोणालाच नको असते तिथे. पण तंबोऱ्याचा दोरा माणूस कानाने सरकवून लावतो, इथे ते ट्यूब आणि सर्किट ठरवतं आणि आपण घेतो ते पदरात, एवढा फरक.

मग आता मधेच सांगून टाकतो की ज्यांच्याकडे प्लॅनर (सपाट, पातळ पडद्याचे) हेडफोन आहेत त्यांनी ओटीएलच्या नादी लागू नका. माझा एक मित्र आहे कल्याणचा, त्याच्याकडे ३७ ओहमचे प्लॅनर आहेत, त्याने हट्टाने लावून बघितले. त्याला बेस सुजल्याचा त्रास झाला नाही, कारण प्लॅनरच्या ग्राफवर ती टेकडीच नसते, सरळ रेघ असते, सगळ्या सुरांना सारखाच वाटा. पण जीवच नाही आवाजात, नॉब तीनवर नेला, मग पाचवर, तसा तबला चेपल्यासारखा व्हायला लागला. याला मी आमच्या सोसायटीच्या पाण्यावरून समजावतो. व्होल्टेज म्हणजे टाकी किती उंच आहे ते, करंट म्हणजे पाइप किती जाड. ओटीएलची टाकी दहाव्या मजल्यावर, पाइप मात्र अर्ध्या इंचाचा. ३०० ओहमच्या हेडफोनला जोरात वाजायला, समजा ११० डीबीच्या शिखरापर्यंत, अडीच व्होल्टच्या आसपास लागतात पण करंट फक्त ८ मिलिअँपिअर, एचडी ६०० चा ९७ डीबीचा आकडा धरून केलेला हिशोब आहे. मित्राच्या ९४ डीबीवाल्या प्लॅनरला तेवढ्याच आवाजाला व्होल्ट निम्मेच, सव्वा, पण करंट ३३. चौपट. त्याला बादली भरायचीय आणि माझ्याकडे शॉवर आहे. त्याने शेवटी हायब्रिड घेतला, म्हणजे पुढे एक ट्यूब व्होल्टेज वाढवायला आणि मागे ट्रान्झिस्टर करंट द्यायला, शिट नावाच्या कंपनीचा वाली नावाचा डबा असतो त्या जातीचा. ३२ ओहम असो, प्लॅनर असो, कशालाही चालतो, आणि आउटपुटचे ओहम कमी असल्यामुळे वर सांगितलेला एक डीबीचा खेळ त्यात होत नाही. तो खूश आहे. मी त्याच्याकडे ऐकलं, चांगला आहे, मला मात्र ट्यूब तिथे शोभेला ठेवल्यासारखी वाटली, पण पाठमोरा बसवून दहापैकी सहा ओळखणाऱ्या माणसाने किती बोलावं. ट्रान्सफॉर्मरवाले ट्यूब अ‍ॅम्प तिसरा प्रकार, त्यात लोखंड मध्ये बसून जास्त व्होल्ट-कमी करंटचं कमी व्होल्ट-जास्त करंट करून देतं, त्यामुळे कमी ओहमला पण चालतात, फक्त चांगला ट्रान्सफॉर्मर गुंडाळणं स्वस्तात होत नाही आणि किंमत बघून मी ती टॅब बंद केली. बायरडायनॅमिकचे २५० आणि ६०० ओहमवाले मात्र ओटीएलवर बिनधास्त लावा, डीटी ८८० चा ६०० वाला एकाकडे ऐकलाय, वरचे सूर थोडे टोचतात पण अ‍ॅम्पला काही जड जात नाही.

घरात ठेवायच्या दृष्टीने दोनचार गोष्टी. ६०८० चा हीटर ६.३ व्होल्टवर अडीच अँपिअर खातो, म्हणजे १६ वॉट नुसते तापण्यासाठी, गाणं लावा नाहीतर नका लावू. मे महिन्यात डोंबिवलीत बंद खोलीत हा चालवणं म्हणजे वेडेपणा आहे, मी जून लागेपर्यंत झाकून ठेवतो. ट्यूबला हात लावू नका, माझ्या मनगटावर अजून डाग आहे. चालू केल्यावर मिनिटभर थांबून मग हेडफोन लावायचे आणि बंद करायच्या आधी काढायचे, कारण आउटपुटचा कंडेन्सर भरताना-रिकामा होताना जो धप्प येतो तो हेडफोनने का खावा. हमिंग येत असेल तर ट्यूबवर खर्च करायच्या आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, माझं अर्धं हमिंग चार्जरचं निघालं, आणि उरलेलं त्या प्लगच्या सॉकेटमध्ये तिसऱ्या भोकाला आर्थिंगची वायरच जोडलेली नव्हती त्याचं. इलेक्ट्रिशियनने दीडशे रुपयांत जोडली. आणि डबा परदेशातून आणला असेल तर मागचं ११५-२३० चं बटण बघितल्याशिवाय प्लग घालू नका, एवढं तरी ऐका.

लॅमिंग्टन रोडला (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तसं विचाराल तर कोणी सांगणार नाही) मी आता फक्त रेझिस्टन्स आणि जॅक घ्यायला जातो, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. तिन्ही १२एयू७ अजून आहेत. एक डब्यात, दोन कापसात गुंडाळून. विकाव्या असं दर महिन्याला ठरवतो.

काकांना एकदा घरी बोलावून पूर्ण जोडी ऐकवली. त्यांना कमी ऐकू येतं हल्ली, वरचे सूर तर जवळपास नाहीच, तरी हेडफोन घालून पंचवीस मिनिटं हलले नाहीत. काढल्यावर म्हणाले, "डग्गा अजून थोडा जाड आहे. पण राहू दे, बरा वाटतो." मग हळूच विचारलं की असे हेडफोन केवढ्याला पडतात, आणि आकडा ऐकून चहाचा कप खाली ठेवला.

मावसभाऊ परत येतोय डिसेंबरात. त्याने फोटो बघून तिकडे कुठलासा महागडा ट्यूब अ‍ॅम्प बघून ठेवलाय आणि घ्यायच्या आधी माझा ऐकायचाय म्हणतो. मी काय करणार आहे ते ठरलंय, लाइट घालवून ट्यूब अ‍ॅम्प नुसता पेटवून समोर ठेवणार, आणि हेडफोनची वायर टेबलाखालून त्या साध्या अ‍ॅम्पला, मध्ये काकांची काळी टेपवाली सत्तर रुपयांची वायर. बायकोला सांगून ठेवलंय हसू नकोस म्हणून.